ताटाचे पैसे, सत्काराचे पैसे

या महिन्यात गंमत झाली. एकाच जेवणावर पाच जणांची पत्रं आली आणि ते जेवण अजून व्हायचंय. मुंबईतली एक जुनी ज्यू शाळा आहे, नाव छापत नाही कारण पत्रांमध्ये कमिटीतल्या कुरबुरी आहेत. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय की ठाण्यात हॉल घ्यायचा, शाळेच्या जुन्या मोठ्या बाई आणि दोन माजी पदाधिकारी यांचा सत्कार करायचा आणि त्याच जेवणातून शाळेसाठी पैसे उभे करायचे. निमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरलं आणि माझ्या टपालात भर पडली. मी काही ज्यू नाही, पण ३१ वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो आणि लहानाचा मोठा झालो तो टेंभी नाक्याला, जिथे ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंथोडं माहितीये एवढंच.

प्रश्न : काका नमस्कार. मी चरईत राहते, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शाळेचं छप्पर आणि मुलींचं टॉयलेट दोन्हीचं काम काढायचंय आणि काही मुलांची फी. माझी भाची अमेरिकेत असते, तिच्या मुलांच्या ज्यू डे स्कूलमध्ये दरवर्षी मोठं डिनर होतं, माजी अध्यक्षांचा वगैरे सत्कार करतात आणि त्यातून शाळेला भरपूर पैसे मिळतात म्हणे. तिनेच सुचवलं. पण आमच्या कमिटीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात २००० रुपये ताट लावा, अर्धे म्हणतात बाईंचा सत्कार आणि आपण लोकांकडून जेवणाचे पैसे घ्यायचे म्हणजे लाज वाटते. मला दोघांचंही पटतं. काय करू? — एक माजी विद्यार्थिनी, ठाणे

ताई, आधी ते डे स्कूल प्रकरण सांगतो, कारण आपल्याकडे डे स्कूल म्हटलं की बोर्डिंग नसलेली शाळा एवढंच डोक्यात येतं. अमेरिकेत ज्यू डे स्कूल म्हणजे दिवसाचा काही वेळ हिब्रू, तोरा म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, प्रार्थना आणि उरलेला वेळ गणित-सायन्स-इंग्लिश अशी पूर्ण वेळेची शाळा. त्याआधी बहुतेक ज्यू मुलं सरकारी शाळेत जायची आणि संध्याकाळी नाहीतर रविवारी धर्माचे तास करायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे बदलत गेलं, १९४४ मध्ये तोरा उमेसोरा नावाची संस्था निघाली तीच मुळी अशा शाळा काढायला. तिथे धर्माच्या शाळेला आपल्यासारखं पगाराचं अनुदान नाही, फी डोळे पांढरे होतील एवढी, आणि ती घेऊनसुद्धा खर्च भागत नाही कारण कितीतरी मुलांना फी माफ असते. ते खिंडार भरून काढायला वर्षाचं डिनर. म्हणजे ते हौशीचं स्नेहसंमेलन नाही, बजेटातली एक ओळ आहे.

आणि तुमच्या भाचीने तुम्हाला सांगितलं की नाही माहीत नाही, पण तिथे पैसे ताटातून येत नाहीत. ते येतात स्मरणिकेतून. तिकडे जर्नल म्हणतात तिला. सत्कारमूर्ती एकदा ठरले की त्यांचे नातेवाईक, व्याही, भागीदार, डॉक्टर, जुने विद्यार्थी सगळ्यांना पत्रं जातात की अमक्यांचा सत्कार आहे, तुमच्या शुभेच्छांचं पान घ्या, सोनेरी पान एवढ्याला, चंदेरी तेवढ्याला, अर्धं, पाव. सत्कारमूर्ती कोण यावर पानं किती जाणार हे ठरतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं, त्या सत्कारमूर्तीला तर सगळ्यात जास्त.

आता तुमचा हिशोब मांडून बघा, मी पाठच्या पानावर मांडला. समजा २०० माणसं. त्यात सत्कारमूर्तींची घरची मंडळी आणि शाळेचा स्टाफ मिळून ३२ जण फुकट धरा, त्यांच्याकडून कोण घेणार. राहिले १६८, दोन हजाराने ३,३६,०००. खर्चाला जेवण ९०० रुपयांनी १,८०,०००, हॉल आणि साऊंड ९०,०००, स्मरणिका छपाई ६०,०००, शाली-मानपत्रं-फोटोवाला ३०,०००. झाले ३,६०,०००. म्हणजे दोन हजारांचं ताट लावून तुम्ही चोवीस हजारांनी खड्ड्यात. लाज वाटते की नाही हा प्रश्न नंतरचा! आता स्मरणिकेत पूर्ण पान १०,००० ची २०, अर्धं पान ६,००० ची २० आणि छोट्या शुभेच्छा २,००० च्या ४० गेल्या तर ४ लाख येतात. म्हणजे छप्पर स्मरणिकेतून होणार, आमटीभातातून नाही. तेव्हा माझं म्हणणं ताट स्वस्त ठेवा, जेवणाच्या खर्चापुरतं, आणि सगळा जोर पानांवर लावा. तुमच्या दोन्ही तटांना घरी जाता येईल.

पण एक गोष्ट करा, आणि ही मी हात जोडून सांगतो. निमंत्रणावर मोठ्या अक्षरात लिहा की हा कार्यक्रम शाळेच्या छपरासाठी आणि फीसाठी पैसे उभे करायला आहे. आपल्याकडे काय करतात, बोलावतात सत्काराला आणि मग गुलाबजाम वाढले की टेबलाटेबलावर देणगीची कार्डं आणि पेन ठेवतात, आणि एक जण माइकवर नावं घेऊन आकडे वाचायला लागतो. लोकांना राग पैशाचा येत नाही हो, फसवल्याचा येतो. मी अशा एका कार्यक्रमातून एका रिटायर्ड शिपायाला बायकोचा हात धरून मागच्या दाराने जाताना बघितलंय, खिशात रिक्षाचे पैसे सोडून काही नव्हतं त्याच्या, आणि त्याला वाटलं आता आपलं नाव घेतील.

दुसरं, ज्यांचा सत्कार त्यांना आधी विचारा. सत्कार स्वीकाराल का एवढंच नाही, तर तुमच्या नावावर आम्ही पैसे मागणार आहोत, तुमच्या ओळखीच्यांना पत्रं जातील, चालेल का असं. मोठ्या बाई नाही म्हणाल्या तर नाही. बहुतेक बाई हो म्हणतील, वर स्वतःच डायरी काढून चार फोन नंबर देतील, त्या पिढीला शाळेसाठी हात पसरायची सवय होती.

आणि स्मरणिकेत एक पान असं ठेवा ज्यावर नाव नाही, फक्त 'नाव न सांगता आलेल्या देणग्या' आणि एकूण रक्कम. आपण गुप्तदान म्हणतो तेच. तुमच्यातले रंबम म्हणजे मोशे बेन मैमोन, बाराव्या शतकातले मोठे पंडित, त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही ही वरून दुसरी पायरी. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं, कामाला लावणं. त्या हिशोबाने सोनेरी पान बरंच खाली येतं, पण छप्पर गळतंय त्याला पायरी कळत नाही, तेव्हा दोन्ही ठेवा. आणि भाची सांगेलच, तिकडे बरेच जण अठराच्या पटीत देतात, कारण हिब्रूत 'हय' म्हणजे जिवंत या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. छोट्या शुभेच्छेचा रेट २,००० ऐवजी १,८०० लावा, हिशोबात आठ हजाराचा फरक पडेल पण लोकांना गंमत वाटेल आणि चाळीसच्या जागी पन्नास जातील बघा.

प्रश्न : सर, मी त्याच कमिटीत आहे, नाव नको. तीन जणांचा सत्कार ठरलाय. पण मधल्या काळात एक हेडमास्तर होते, साधारण सहा वर्षं, त्यांचं आणि मॅनेजमेंटचं वाजलं आणि ते सोडून गेले. ते आता कोपरीला राहतात. त्यांना बोलवायचं का, आणि बोलावलं तर स्टेजवर की खाली? दोन जण म्हणतात त्यांचं नावच नको. — ठाणे

हे पत्र मी तीनदा वाचलं. बोलवायचं, हे तर आहेच, पण तुमचा खरा प्रश्न स्टेजचा आहे.

स्मरणिकेत पहिलं पान असं करा की शाळा निघाली तेव्हापासूनचे सगळे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि अध्यक्ष, नाव आणि कुठून कुठपर्यंत, सालवार. विशेषणं नाहीत, फोटो मिळाला तर फोटो. रजिस्टर काढा, पगारपत्रकं काढा, सगळं निघतं. त्या यादीत ते सहा वर्षांचे सर आपोआप येतात, कोणी मेहरबानी केली असं होत नाही. वगळलं तर मात्र यादीत सहा वर्षांचं भोक पडतं आणि लोक यादी बघत नाहीत, भोकच बघतात. मग सत्कार तिघांचाच करा, पण निवेदकाने सुरुवातीला ती अख्खी यादी वाचायची आणि जे हॉलमध्ये असतील त्यांनी जागेवर उभं राहायचं. स्टेज नको, खाली नको, प्रश्न मिटला.

ही यादी म्हणजे काय चीज असते ते तुमच्याच समाजातलं उदाहरण घ्या. हायम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढलं, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल मुलांना हिब्रू यावं आणि बाकीचं शिक्षणही मिळावं म्हणून. पुढे बगदादहून आलेल्या आणि हाँगकाँग-शांघायला पैसा केलेल्या सर एली कदुरींच्या देणगीने शाळेला त्यांचं नाव लागलं, आज माझगावला सर एली कदुरी म्हणूनच ओळखतात. म्हणजे नावासाठी देणगी आणि देणगीसाठी नाव हे काही अमेरिकेतून आत्ता आलेलं नाही, आपल्याकडे जुनंच आहे. आणि त्याच शाळेच्या यादीत एक ओळ आहे रिबेका रूबेन, १९२२ ते १९५०. अठ्ठावीस वर्षं एक बाई. या त्याच ज्या १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, मुलामुलींत मिळून. आता बघा, इमारतीवर नाव देणगी देणाऱ्याचं, आणि अठ्ठावीस वर्षं तास घेणाऱ्या बाई यादीतल्या एका ओळीत. म्हणून म्हणतो यादी छापा.

त्या कोपरीच्या सरांना निमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकू नका. दोघांनी घरी जा. तुम्ही जा, आणि त्या दोघांपैकी एकाला घेऊन जा ज्यांना नाव नको होतं.

प्रश्न : दादा, माझं ऐरोलीला केटरिंग आहे. ज्यू लोकांच्या एका शाळेच्या कार्यक्रमाची २०० ताटांची ऑर्डर आलीये. त्यांनी कोशर पाहिजे असं सांगितलं. मी म्हटलं हो. आता घाबरलोय. डुक्कर नको एवढं माहीत होतं. — केटरर, ऐरोली

हो म्हणून मोकळे झालात ना, आमच्या ऑफिसमध्ये पण असंच चालायचं. घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. कोशर म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमांत बसणारं खाणं.

मटण-चिकन करायचंच नाही, हा माझा पहिला सल्ला. त्यांचं मांस त्यांच्या पद्धतीने, त्या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने कापलेलं लागतं, ते बाजारातलं चालत नाही, आणि मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणजे चिकन केलंत की त्याच जेवणात दही, तूप, पनीर, रबडी, चहात दूध सगळं गेलं. नवरा-बायकोसारखं भांडण आहे ते, एका ताटात येत नाहीत. मासे चालतात पण खवले आणि पर असलेलेच, पापलेट-रावस ठीक, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूळ नाही. पण तुमच्या कढईत काल कोळंबी झाली असेल तर आज त्यात भाजीसुद्धा चालत नाही! खरी मेख इथे आहे. पदार्थ शाकाहारी केला म्हणजे झालं असं नाही, भांडी, झारे, सुऱ्या, तेल हे सगळं येतं त्यात. तेव्हा कमिटीला आजच फोन करा आणि स्पष्ट विचारा की तुम्हाला नुसतं शाकाहारी चालणार आहे की भांड्यांपासून सगळं कडक पाहिजे, आणि कडक पाहिजे असेल तर तुमच्याकडचं कोण येऊन बघणार. कोणी तरी जाणकार त्यांच्याकडे असतोच, ठाण्याच्या सिनेगॉगमधले हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे, त्यांना विचारता येईल. टेंभी नाक्याचं शाआर हाशामाइम १८७९ चं आहे, तुमच्या माझ्या आजोबांच्याही आधीचं, तिथे हे प्रश्न रोजचे. जे अगदी कडक पाळतात त्यांच्यासाठी फळं आणि कागदी प्लेट वेगळी ठेवा, ते स्वतःच सांगतील. पालेभाजी नीट निवडून धुवा, पानात किडा म्हणजे त्यांना डुकराइतकंच वर्ज्य.

मेन्यूला डोकं खाजवू नका, कोकणातच शोधा. हे लोक अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने शनिवार तेली म्हटलं, आडनावं पेणकर, दिवेकर, केहिमकर. त्यांचं खाणं आपलंच आहे, फक्त जिथे आपण दूध घालतो तिथे ते नारळाचा रस घालतात, कारण मग मटणाबरोबरही चालतं. वालाचं बिरडं करा. बिरड्याचा तर त्यांच्यात रोजाच आहे, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, त्याला जुनी मंडळी बिरड्याचा रोजा म्हणायची कारण तो बिरडं खाऊन सोडायचे. (हा पण दुखवट्याचा पदार्थ म्हणून सत्काराला नको असं कुणी म्हणालं तर ऐका हं, म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या.) आंबोळ्या, नारळीभात, आणि गोडाला चिकाचा हलवा, गव्हाचा चीक काढून नारळाच्या रसात आटवलेला, तो त्यांच्या नव्या वर्षाला घरोघरी होतो. तुमच्याकडे चीक काढणाऱ्या बायका आहेत का बघा, रेडिमेड पावडर आणलीत तर पहिल्या घासाला कळेल.

सुरुवातीला हात धुवायची सोय टेबलाजवळ ठेवा, बादली, तांब्या, नॅपकिन, आणि प्रत्येक टेबलावर पाव आणि मीठ. जेवण सुरू होताना पाव मोडून मिठात बुडवून आशीर्वाद म्हणतात, त्याआधी वाढप्यांनी आमटी घेऊन घुसायचं नाही. दारू-वाइन आणू नका, द्राक्षाच्या वाइनलाही नियम आहेत, आणि त्यांच्या घरी त्यासाठीच मनुका भिजवून उकळून गाळून सरबत करतात, ते कमिटीतल्या बायकाच करून आणतील, तुम्ही फक्त ग्लास द्या.

लहानपणी शेजारच्या ज्यू घरातून आमच्याकडे मलिद्याची बशी यायची. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वरून केळ्याची चकती आणि खजूर. त्यांच्यात एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलिया यांच्या नावाने मलिदा करतात, लग्न असो, नवस फिटला असो. बशी परत करताना आई त्यात साखर घालायची, रिकामी बशी पाठवायची नाही म्हणून. हे तुम्हाला कशाला सांगतोय, तर कमिटीने मलिदा मागितला तर तो तुम्ही करायचा नाही, तो त्यांचा धार्मिक भाग आहे, तुम्ही पोहे, नारळ आणि चांगली फळं पुरवायची.

प्रश्न : काका, मी खारघरला असतो, ज्यू नाही, पण दहावीपर्यंत त्याच शाळेत शिकलो, वर्गात ज्यू मुलं तीनच होती. १) पूर्ण पान घेतलं तर ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते ती, पावती मिळेल का? २) माझा वर्गमित्र इस्राएलला स्थायिक झालाय, तो म्हणतो मी तुझ्या अकाउंटला पैसे टाकतो तू भर. चालेल का? ३) टोपी घालावी लागते का? — खारघर

तिसऱ्याचं आधी, कारण सोपं आहे. हॉलमध्ये नाही लागत, सिनेगॉगमध्ये गेलात तर लागते, आणि पाव मोडताना बाकीचे पुरुष डोकं झाकतील तेव्हा रुमाल टाकलात तर छान दिसेल.

पहिलं. जाहिरातीचं पान म्हणजे देणगी नाही, तुम्ही त्या बदल्यात जागा घेतली. तुमचा धंदा असेल तर तो जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवा, सीएला विचारा. ताटाचंही तेच, जेवलात त्याची पावती देणगीची नसते. वेगळी देणगी दिलीत आणि शाळेच्या ट्रस्टकडे ८०जी असेल तर सवलत, पण रोख २,००० च्या वर असेल तर नाही, आणि तुम्ही नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तरी नाही, मग भरा आणि विसरा. आणि हो, पैसे शाळेच्या ट्रस्टच्या खात्यावरच टाका. ग्रुप ॲडमिनच्या जीपेवर नाही. ॲडमिन सोन्यासारखा माणूस असेल हो, पण चार लाख एखाद्या पगारदाराच्या सेव्हिंगला आले की पुढच्या वर्षी नोटीस त्याला येते, शाळेला नाही.

दुसरं मात्र सांभाळा. मित्र अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत ट्रस्टला देऊ शकतो, ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण इस्राएलचं नागरिकत्व घेतलं असेल, आणि स्थायिक झालाय म्हणजे बहुतेक घेतलंच असेल, तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, असलं तरी तो परदेशी देणगीदार. मग ट्रस्टकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन पाहिजे आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्या खास खात्यातच आले पाहिजेत. तुमच्या अकाउंटमधून फिरवून भरायचं असलं काही करू नका, मैत्रीपायी तुम्हीही अडकाल आणि ट्रस्टही. तुमच्या या शाळांचे कितीतरी माजी विद्यार्थी इस्राएलमध्ये आहेत, डिमोना, अश्दोद, बेरशेबा कुठे कुठे, त्यामुळे हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, कमिटीने ट्रस्टला लेखी विचारून सगळ्यांना एकदाच सांगावं. रजिस्ट्रेशन नसेल तर मित्राला म्हणावं पैसे राहू दे, आठवण लिहून पाठव, एक पान मराठीत. आणि काही माणसं तिकडे पन्नास वर्षं राहून आपल्यापेक्षा चांगलं मराठी लिहितात.

प्रश्न : आजोबा, मी निवेदन करणार आहे, वय २३, वाशी. तारीख शुक्रवार संध्याकाळ ठरवत होते ती मी बदलायला लावली, बरोबर केलं ना? दीपप्रज्वलन ठेवायचं का? भाषणं किती? आणि मोठ्या बाई ८८ वर्षांच्या आहेत, त्यांना शाल-श्रीफळाव्यतिरिक्त काय द्यावं?

बेस्ट केलंस पोरी. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस लागतो तो शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत, ज्यू शाळेचं जेवण शुक्रवारी रात्री ठेवणं म्हणजे आपण गणपती विसर्जनाला पिकनिक ठेवण्यासारखं. रविवार घ्या. हनुक्का या त्यांच्या दिव्यांच्या सणाचे आठ दिवस बहुतेक डिसेंबरात येतात, त्यात बसलं तर उत्तम, रोज एक दिवा वाढत जातो. पेसाह ते शावुओत या त्यांच्या दोन सणांमधल्या सात आठवड्यांत बरेच दिवस लग्न-वाजंत्री टाळतात, तेव्हा एप्रिल-मे नको. पण रविवार म्हटलं की मेगाब्लॉक, भायखळा-माझगावकडून येणारी म्हातारी माणसं आहेत, आदल्या दिवशी ब्लॉकचं टाइमटेबल बघून ग्रुपवर टाक. नवी मुंबईवाल्यांना ट्रान्सहार्बरचं वेगळं टाक. आणि हॉलला लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दीपप्रज्वलन हवंच असेल तर समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, सरस्वतीवंदना नाही. त्यांच्यात मूर्तीपुढे काही करत नाहीत. ओवाळणं, कुंकू हेही नको. दिवंगत मुख्याध्यापकांच्या फोटोंना हार घालायचे का ते त्या त्या घरच्यांना विचार, काहींना आवडतं काहींना नाही.

भाषणं. ऐक, एका शाळेच्या सत्काराला, ज्यू नव्हे, आपलीच, कुठली ते राहू दे, मी हिशोबाला बसलो होतो. सत्कारमूर्ती जुने हेडमास्तर, ८१ वर्षांचे, डायबेटिस. जेवण साडेआठला सांगितलेलं म्हणून त्यांनी आठला इन्सुलिन घेतलं. प्रायोजक बोलले, मग नगरसेवक आले ते बोलले, मग ज्यांनी सरांना कधी बघितलं नव्हतं ते सरांच्या आठवणी सांगायला लागले. पावणेदहा झाले. सरांच्या कपाळावर घाम, हात थरथरतोय, आणि गळ्यातला हार इतका जाड की कोणाला दिसत नव्हतं. आमच्या लॅबच्या असिस्टंटने ओळखलं, त्याने सत्काराच्या पेढ्यांचा बॉक्स फोडला आणि स्टेजवर चढून सरळ त्यांच्या तोंडात पेढा घातला, वक्ता बोलतोच आहे. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या वाजल्या. सरांच्या खिशात दोन कागद होते भाषणाचे, बारीक अक्षरात, त्यात सगळी मुलांची नावं. ते बोललेच नाहीत.

तेव्हा आधी जेवण, मग सत्कार. उलटं झालं तरी चालेल असं कोणी म्हणालं तर माझं नाव सांग. सत्कारमूर्ती सगळ्यात आधी बोलणार, शेवटी नाही, आणि त्यांना वेळेची चिठ्ठी द्यायची नाही. बाकीच्यांना तीन मिनिटं, आणि देणगीचे आकडे माइकवर वाचायचे नाहीत, ते स्मरणिकेत आहेत. बाईंना ऐकू कमी येत असेल तर त्यांच्याशी बोलताना माइकवरून बोलू नकोस, साऊंडमध्ये त्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो, खाली वाकून उजव्या की डाव्या कोणत्या कानाने ऐकू येतं ते घरच्यांना विचारून त्या बाजूने बोल.

आणि भेट. शाल त्यांच्याकडे डझनभर असतील. त्यांनी वर्गशिक्षिका म्हणून पहिल्या वर्षी भरलेला हजेरीपट शोधा, शाळेच्या माळ्यावर असतो, ट्रंकेत नाहीतर कपाटाच्या वर. त्यांच्याच अक्षरात ओळीने नावं, तांबड्या शाईत गैरहजेरी. एका महिन्याचं पान मोठं करून फ्रेम करा. जनरल रजिस्टर नको हं, त्यात जन्मतारखा, जाती, सगळं असतं, ते भिंतीवर लावायचं नसतं. हजेरीपट झेरॉक्सवर दाबू नका, जुनं बाइंडिंग सुटतं, खिडकीशी उजेडात ठेवून मोबाईलवर स्कॅन करा आणि मूळ वही हेडक्लार्कला सही घेऊन परत द्या.